स्टामातिसचं पोटभरीचं सॅलड

"ग्रीकांनी जगाला दोनच गोष्टी दिल्या. एक लोकशाही आणि दुसरी सॅलड. पैकी लोकशाहीचं पुढे काय झालं ते आपण रोज टीव्हीवर बघतोच. सॅलड मात्र मी वाचवणार आहे!"

स्टामातिस हालकितिसने ही घोषणा केली तेव्हा श्रोत्यांमध्ये त्याची बायको थेमेलिना एकटीच होती, वक्त्याच्या कमरेला टॉवेल होता, आणि व्यासपीठ म्हणून तो न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा होता.

"आधी खाली उतर," थेमेलिना म्हणाली. "काटा बिचारा दमला असेल."

आदल्या दिवशी डॉक्टरने स्टामातिसचं रक्त तपासून तोंड वाकडं केलं होतं. "यापुढे मुख्य जेवण म्हणून सॅलड खात जा," एवढंच तो म्हणाला. निवृत्त माणसाला दिवसभरात जेवण्याखेरीज दुसरं काम नसतं, आणि डॉक्टरने नेमकं तेच काढून घेतलं. पण स्टामातिसची सारी हयात टार्पन स्प्रिंग्जच्या, म्हणजे ग्रीसपासून समुद्रापार ग्रीकांनीच वसवलेल्या गावाच्या, पाणीपुरवठा खात्यात गेली होती. नियमात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहून गेलंय, हे त्याच्या आधी लक्षात यायचं. सॅलड खा, असं डॉक्टर म्हणाला होता. सॅलडवर काय असू नये, याबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता.

"आता बघ," टॉवेल सावरत तो म्हणाला, "टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह. त्यावर फेटा चीजची लादी. आणि त्यावर कोळशावर भाजलेलं कोकराचं मटण. एका ताटात आख्खं जेवण! ते खाल्ल्यावर माणसाला या जगात दुसरं काही मागावंसंच वाटणार नाही."

थेमेलिना माहेरची कालिम्नोस बेटावरची. तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्यांना स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी पाठवलं आणि स्वतः किनाऱ्यावर विणकाम केलं. टॉवेलातल्या नवऱ्याने अशा बायका डगमगत नाहीत.

"काही म्हणजे काहीच मागावंसं वाटणार नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"मग चार माणसं जेवायला बोलाव. टेबलावर तुझं ते सॅलड. पाव नाही, भात नाही, दुसरं काही नाही. सगळे तृप्त होऊन उठले, तर दर शनिवारी तुला मटण. डॉक्टरशी मी बोलेन. पण टेबलावरच्या एकाही माणसाने दुसरं काही खायला मागितलं, तर ईस्टरपर्यंत उकडलेला पाला. लिंबू पिळून."

ऑगस्ट नुकताच लागला होता. ईस्टर कुठल्या कुठे होता. तरी स्टामातिसने वजनकाट्यावरूनच हात पुढे केला. महान माणसं निर्णय घेताना कॅलेंडर बघत नाहीत. त्याने बघायला हवं होतं, पण ते पुढे येईल.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती स्टामातिसनेच पसरवली. सर्वांत आधी कुंपणापलीकडून कप्तान सकेल्लारिसने मान वर काढली. कप्तानचा जन्म स्पंजच्या होडीवर गेला होता. आता होडी मुलाकडे होती आणि हुकूम सोडायची सवय तेवढी त्याच्याकडे राहिली होती.

"खाली बटाट्याचं सॅलड घालतोयस ना?"

"नाही कप्तान. अस्सल गावरान करणार आहे."

"अस्सल?" कप्तानने कुंपणावर दोन्ही कोपर टेकले. "या गावात बटाट्याशिवायच्या सॅलडला सॅलड म्हणत नाहीत. होडीवर आमचा आचारी ताटाच्या तळाशी बटाटे घालायचा म्हणून पाणबुडे दिवसभर तग धरायचे. नाहीतर नुसत्या काकडीवर कोण बुडी मारतंय?"

"पण कप्तान, खुद्द ग्रीसमध्ये कुणी..."

"ग्रीसचं मला सांगू नकोस. ग्रीसमध्ये सॅलडवर मटणही घालत नाहीत. तू घालतोयस ना? मग गुमान बटाटे उकड."

 तेवढ्यात स्टामातिसच्या मनात एक हिशेबी विचार आला: बटाट्याने पोट भरतं, आणि भरल्या पोटी कोण पाव मागतो? त्याने बटाटे मान्य केले. त्या दिवसापासून हेच त्याचं धोरण झालं. जे जे पोटात जड बसेल ते ते सॅलडमध्ये जाईल.

समोरच्या घरातल्या नोमिकीमावशीने हे धोरण लगेच ओळखलं. मावशीचं अर्धं आयुष्य डेट्रॉइटला भावाच्या हॉटेलात गेलं होतं, आणि डेट्रॉइटबाहेर कुणाला खायला कळतं यावर तिचा विश्वास नव्हता.

"बीट घाल रे. डेट्रॉइटला बीट घालतात."

"मावशी, सगळं लाल होईल."

"होऊ दे की! नवऱ्यांना पांढरं खाऊन काय झालंय ते बघतेच आहे मी. आणि टोमॅटोला सकाळीच मीठ लावून ठेव. आयत्या वेळी मीठ घालतात ते टोमॅटोचे वैरी."

"सकाळी? जेवण संध्याकाळी आहे."

"म्हणूनच सांगतेय. चव मुरायला हवी. चणे पण घाल. पोट बघ कसं गच्च होतं!"

चणे, बीट, बटाटे. घरात एवढं मोठं भांडं नव्हतं. मग कप्तानने होडीवरची पत्र्याची परात आणून दिली. तीत स्पंज धुतले जात की पाणबुड्यांचे पाय, यावर कप्तानने स्पष्ट काही सांगितलं नाही. थेमेलिनाने परात घासली, उन्हात ठेवली, वास घेतला आणि पुन्हा घासली.

आता खरं काम मटणाचं. स्टामातिसने कोकराची आख्खी तंगडी आणली, हाड काढून घेतलं, तुकडे केले आणि लिंबू, लसूण, ओरेगानो आणि तेलात भिजत घातले. एवढं झाल्यावर त्याने पाहुण्यांकडे लक्ष वळवलं. कप्तान आणि मावशी ठरलेलेच होते. तिसरे म्हणून त्याने चर्चचे फादर मिखालिस योजले, कारण धर्मगुरू दुसऱ्याच्या घरी जेवताना काही मागणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता. त्याने फोन लावला.

"फादर, या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. सॅलड आहे. वर कोकराचं मटण."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"स्टामाती," फादर म्हणाले, "आज तारीख कोणती, बाळा?"

"पाच ऑगस्ट."

"आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून चौदापर्यंत आपल्याकडे काय असतं?"

 माता मरियेचा उपवास! पंधरा ऑगस्टच्या सणापर्यंत मटण नाही, चीज नाही, दूध नाही. गेले चार दिवस घरात मसूर, भेंडी आणि वाल शिजत होते. पहिले काही दिवस तो थेमेलिनाचा आळस समजून खात होता आणि पुढचे डॉक्टरचा छळ समजून. हा धर्म असेल अशी शंकाही त्याला आली नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?" फोन ठेवल्यावर तो थेमेलिनावर उखडला.

"मला वाटलं तू भक्तिभावाने खातोयस," ती म्हणाली. "मी तर पाद्र्याला सांगणार होते, नवरा सुधारला म्हणून."

फादरनी पंधरा तारखेनंतरच्या शनिवारी यायचं कबूल केलं. पण पातेल्यातलं मटण शनिवारपर्यंत थांबायला तयार नव्हतं. फ्रीझर थेमेलिनाने सणाच्या पक्वान्नांनी भरून ठेवला होता आणि तिथे लिंबाची फोडही मावत नव्हती. कप्तानचा उपवास. मावशीचा उपवास. साऱ्या गल्लीत मटण खाऊ शकेल असं एकच माणूस होतं: ग्लेंडा व्हिटकॉम्ब, ओहायोहून आलेली, हा उपवास नसलेल्या मेथडिस्ट पंथाची, आणि वसाहत समितीची अध्यक्ष.

आणि योगायोग असा की कोळशाच्या शेगडीला समितीची परवानगी लागायची.

स्टामातिस पातेलं दोन्ही हातांत धरून ग्लेंडाच्या घराकडे निघाला. याला लाच म्हणता येणार नाही. लाच लपवून देतात. हे पातेलं भर दुपारी साऱ्या गल्लीसमोरून गेलं, आणि उपाशी कप्तानने त्याला कुंपणावरून डोळे भरून निरोप दिला.

"मिस्टर हालकितिस! हे सगळं माझ्यासाठी?"

"तुमचा उपवास नाही ना, म्हणून."

"किती गोड आहात तुम्ही! आणि त्या शेगडीचं म्हणाल, तर नियमावलीप्रमाणे काहीच हरकत नाही. फक्त घराबाहेर दिसणारी प्रत्येक वस्तू वसाहतीच्या मंजूर रंगात असावी लागते. 'शांत वाळू.'"

"माझी शेगडी काळी आहे."

"काळ्याला मनाई नाही," ग्लेंडा पातेलं आत घेत म्हणाली, "पण मंजुरीही नाही."

स्टामातिसला राग यायला हवा होता. पण आयुष्यभर पाणी खात्यात काढलेल्या माणसाला इतकं सुबक वाक्य ऐकून मनोमन दाद द्यावीशी वाटली. तो रिकाम्या हातांनी परतला.

त्यानंतर रोज संध्याकाळी ग्लेंडा आपल्या अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर ते मटण थोडं थोडं भाजत राहिली. लिंबू, लसूण आणि ओरेगानोचा वास अख्ख्या उपाशी गल्लीवरून फिरला. कप्तानने खिडक्या लावून घेतल्या. नोमिकीमावशीने मात्र ओसरीत खुर्ची टाकली आणि स्टामातिसला हाक मारली.

"जरा फादरना विचार रे, वास घेतल्याने उपवास मोडतो का?"

"त्यांनी हो म्हटलं तर?"

"मग नको विचारूस."

दरम्यान स्टामातिसने शेगडी रंगवली. गॅरेजमध्ये 'शांत वाळू'चा उरलेला डबा होता.

"तो भिंतीचा रंग आहे," थेमेलिनाने सांगून पाहिलं.

"रंग तो रंग. नियमात भिंतीचा नको असं कुठे लिहिलंय?"

सण झाला, उपवास सुटला, ठरलेला शनिवार उजाडला. नवं मटण भिजत पडलं. मावशीच्या आदेशानुसार सकाळीच टोमॅटो चिरून, मीठ लावून परातीत टाकले गेले. दुपारपर्यंत टोमॅटो आपल्याच पाण्यात पोहू लागले. स्टामातिसने ते पाणी ओतून दिलं नाही. चव मुरत होती. कप्तानने स्वतःच्या चुलतभावाच्या बागेतलं तेल आणलं आणि 'घाल, घाबरू नकोस' म्हणत बाटली जवळजवळ उपडी केली. बीटने आपला रंग सोडला. बटाटे तळाशी बसले, चणे वर तरंगले.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा स्टामातिसला ओव्हन गरम लागला. फ्रिजवर जाड कापडाखाली काहीतरी गोलसर झाकून ठेवलं होतं आणि त्याला खमीराचा खमंग वास येत होता.

"हे काय?"

"उद्याचं," थेमेलिना म्हणाली.

उद्याच्या गोष्टीत डोकं घालायला त्याला वेळ नव्हता. तो अंगणात जाऊन कोळसे पेटवू लागला.

चौथी पाहुणी म्हणून ग्लेंडालाच बोलावलं होतं. ती हातात फुलं घेऊन वेळेवर आली आणि तिच्या डोळ्यांदेखत शेगडीला फोड आले. आधी एक, मग दहा, मग 'शांत वाळू' अजिबात शांत राहिली नाही. रंग फसफसला, ओघळला, आणि पिवळट धुराचा लोट उठला. ग्लेंडाने फुलं खाली ठेवून शांतपणे फोन काढला.

"कुणाला लावताय?" स्टामातिस धुरातून ओरडला.

"बंबाला. नियम आहे."

"तुम्ही समोर उभ्या आहात! आग नाही, नुसता धूर आहे!"

"मी पाहुणी म्हणून समोर उभी आहे," ग्लेंडा म्हणाली. "फोन अध्यक्ष म्हणून करतेय."

बंब आला. त्यांनी नळी रोखली आणि शेगडीसह थेमेलिनाच्या तुळशीसारख्या वासिलिकोच्या दोन कुंड्याही चिंब करून टाकल्या. मटण अजून शेगडीवर चढलं नव्हतं म्हणून बचावलं. बंबावरचा प्रमुख वहीत टिपून घेत होता.

"काय शिजवत होतात?"

"सॅलड," स्टामातिस म्हणाला.

प्रमुखाने पेन थांबवलं. "सॅलड पेटलं?"

कुंपणापलीकडून कप्तानचं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. खोकला बराच वेळ चालला.

शेवटी ग्लेंडानेच तोडगा काढला. "माझी शेगडी वापरा ना. मंजूर रंगाचीच आहे." त्यामुळे स्टामातिस हालकितिस, ग्रीक सॅलडचा तारणहार, काजळी लागलेल्या तोंडाने मटणाचं ताट घेऊन पुन्हा गल्लीतून निघाला, आणि कोकरू गॅसवर भाजलं गेलं. कप्तानने तोंड फिरवलं. होडीवर वाढलेल्या माणसाला हे बघवलं नसतं. वास मात्र त्याने घेतला.

टेबलाशी बसेपर्यंत फादर मिखालिसही आले होते. त्यांनी आशीर्वाद दिला, परातीकडे बघितलं, आणि अंदाज घेत पुन्हा एकदा आशीर्वाद दिला. परात लाल, हिरवी, पांढरी, वर फेटाची लादी, त्यावर मटणाचा ढीग. टेबलावर बाकी काही नव्हतं. पैज ग्लेंडा सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

आणि गंमत अशी की सॅलड उत्तम झालं होतं. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, स्टामातिसला तर मुळीच नाही.  कप्तानने तळातला बटाटा उकरून काढला आणि विजयी नजरेने सगळ्यांना दाखवला. मावशीने बीट उचलून "डेट्रॉइट!" एवढंच म्हटलं. फादरनी मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे मागणं झालं का, म्हणून स्टामातिसने थेमेलिनाकडे बघितलं, पण तिने नकारार्थी मान हलवली. तेच पुन्हा घेतलं तर ते दुसरं काही होत नाही.

"मी तर अगदी तृप्त झाले," ग्लेंडा म्हणाली. "आणि बरं का, पाव नाही ते फारच छान. मी पावाला हातच लावत नाही."

टेबलावर तो शब्द पडला आणि सगळ्यांच्या नजरा आपापल्या ताटांकडे गेल्या. कारण ताटं रिकामी झाली होती, पण रिकामी नव्हती. प्रत्येक ताटाच्या तळाशी एक तळं साचलं होतं. सकाळपासून मीठ लावलेल्या टोमॅटोचं पाणी, कप्तानच्या चुलतभावाचं तेल, लिंबू, ओरेगानो, बीटची लाली, मटणाचा रस, आणि त्यात विरघळत चाललेले फेटाचे चुरे. सॅलडचा हा शेवट पावाच्या तुकड्याने टिपून खायचा असतो. कालिम्नोसमध्ये, टार्पन स्प्रिंग्जमध्ये, जिथे जिथे टेबल आणि ग्रीक माणूस आहे तिथे. लहान मुलांना हे शिकवावं लागत नाही.

फादर छताकडे बघू लागले. नोमिकीमावशीने एका ऑलिव्हने थोडं तळं ढकलून पाहिलं, पण ऑलिव्ह काही शोषून घेत नाही. कप्तान घसा खाकरून म्हणाला, "थेमेलिना, चमचा मिळेल का?"



"चमचा खातात का?" थेमेलिना म्हणाली. "मग चालेल." तिने चमचा दिला. कप्तानने एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि खाली ठेवला. पाव नसताना ते नुसतं औषध लागत होतं.  पण शनिवारचं मटण मित्राला मिळावं म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवलं.

"स्टामाती," फादर मोठ्या कष्टाने म्हणाले, "जेवण अगदी पूर्ण होतं. काही उणं नव्हतं."

"म्हणजे कुणाला काही नको?" थेमेलिनाने एकेकाकडे बघत विचारलं.

"नको," मावशी म्हणाली आणि डोळे पुसले.

"नको," कप्तान म्हणाला.

स्टामातिस खुर्चीत मागे रेलला. जिंकलो! दर शनिवारी कोकरू, डॉक्टरच्या नाकावर टिच्चून! तो भाषणासाठी शब्द जुळवू लागला. लोकशाहीचाही उल्लेख येणार होता. थेमेलिना ताटं गोळा करायला उठली. कप्तानचं ताट, फादरचं, मावशीचं. तिने ती एकात एक रचली आणि तळी मोरीकडे नेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ज्या माणसाने सारी हयात लोकांच्या दारात उभं राहून 'एक थेंब वाया घालवू नका' म्हणून सांगितलं, त्याला तो आवाज ऐकवला नाही.

थेमेलिना परत आली आणि तिने शेवटच्या ताटाला हात घातला. ताट हललं नाही. स्टामातिसने दुसरी कड घट्ट धरून ठेवली होती. तेलावर ओरेगानोचं एक पान गोल फिरत होतं आणि फेटाचा शेवटचा चुरा हळूहळू बुडत होता. भाषण त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. ईस्टर कुठल्या कुठे होता. कुणाकडेही न बघता, अगदी बारीक आवाजात, तो म्हणाला,

"थेमेलिना... ते फ्रिजवरचं, उद्याचं आहे ना, त्यातला एक तुकडा आज मिळेल का गं?"